फोटोतली मुलगी कुणाची?

(छत्रपती संभाजीनगर येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



आपल्यापैकी बऱ्याचजणी पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड या तालुक्यांतल्या वस्त्यांवर काम करतात. तिथे एखाद्या घरात मुलीची फी, गणवेश, वह्या, औषधपाणी यांचा खर्च परदेशातल्या एखाद्या कुटुंबाकडून चर्चशी जोडलेल्या संस्थेमार्फत येतो, हे आपल्याला ठाऊक आहे. मुलीचा फोटो तिकडे जातो. वर्षातून एकदोनदा पत्र जाते. कधीतरी तिकडची मंडळी गट करून मिशनच्या दौऱ्यावर येतात, 'आपल्या' मुलीला भेटतात, वस्ती पाहतात आणि संध्याकाळी परत जातात. या व्यवहाराकडे बाईच्या बाजूने कसे पाहायचे, एवढाच माझा आजचा विषय आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. हा विषय निघाला की 'धर्मांतर, धर्मांतर' असा गलका होतो. तो करणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे राहायचे नाही. सिंथिया फॅरार ही अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत आली आणि पुढे तेव्हाच्या अहमदनगरात तिने मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा जोतीराव फुल्यांनी स्वतः पाहिल्या होत्या. आपल्या शेजारच्या जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी सालारजंगांकडून मिळालेल्या जमिनीवर 'बेथेल' हे गाव वसवले आणि त्याच शेषाद्रींनी १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत जाऊन तिथल्या लोकांपुढे भाषण केले. मराठवाड्यातले गाव आणि सातासमुद्रापलीकडचा दाता हे नाते आजचे नाही. त्या नात्याने अनेकींच्या हातात पाटी दिली. ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण पाटी देणारा हात आणखी काय मागतो, हा प्रश्नही तितकाच जुना आहे, आणि तो आपल्याकडे सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत रोखठोक विचारला तो पंडिता रमाबाईंनी. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा आक्षेप हिंदुस्थानातल्या बिशपांनी घेतला. रमाबाईंनी तो मानला नाही. ज्या सिस्टर जेराल्डिन यांना त्या आईसमान मानत, त्यांच्याशीही त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. आपण काय मानावे, आपली लेक मनोरमा हिला कसे वाढवावे, हे ठरवण्याचा हक्क त्यांनी आश्रयदात्यांच्या हाती दिला नाही. ज्या घरी आपण जेवतो त्याच घरच्यांना 'नाही' म्हणायचे, याला किती बळ लागत असेल, याचा विचार करा.

पुढे १८८७ साली बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षे पैसे पाठवण्याचे वचन तिने दिले. त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. सदनात धर्माची सक्ती नसावी असे ठरले होते. १८९३ मध्ये त्यावरूनच पुण्यात वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या, 'केसरी'ने झोड उठवली. दाते, सल्लागार, पालक, संपादक, सगळे त्या विधवा मुलींविषयी बोलत होते. त्या मुलींना काय हवे होते, हे आजही आपल्याला शोधावे लागते.

मग दुष्काळ आला. १८९६-९७ मध्ये रमाबाई मध्य प्रांतात जाऊन सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्तीत हा आकडा दोन हजारांच्या आसपास गेला. याच काळात न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने वर्गणी गोळा केली. वर्षाला सुमारे पंधरा डॉलर द्या आणि हिंदुस्थानातल्या एका अनाथ मुलाला पोसा, असे ते आवाहन होते. एक दाता, एक मूल, ठरलेली रक्कम: आजच्या योजनेचा सांगाडा तेव्हाच तयार झाला होता. केडगावात मात्र रमाबाईंनी मुलींच्या हाती छापखाना, विणकाम, तेलघाणा, शेती दिली. तिथल्या मुली नुसत्या पोसल्या जात नव्हत्या, त्या कामकरी झाल्या. हा फरक लक्षात ठेवा.

दुसऱ्या महायुद्धानंतर याची मोठी यंत्रणा झाली. वर्ल्ड व्हिजन १९५० मध्ये, कंपॅशन १९५२ मध्ये सुरू झाली, आणि दोन्हींच्या मुळाशी कोरियन युद्धाच्या काळातली पोरकी मुले होती. 'न्यू इंटरनॅशनलिस्ट' या मासिकाने १९८२ मध्येच या मुलांना दत्तक घेऊ नका असे सांगणारा अंक काढला. वस्तीतले एक मूल निवडले की शेजारची दहा डावलली जातात, आणि फोटो विकायचा म्हणजे दैन्य दाखवावे लागते, असा आक्षेप होता. दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये भारतासह सहा देशांतल्या कंपॅशनच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती मुले इतरांपेक्षा सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती. मुलीच्या बाबतीत एका वर्षाची शाळा म्हणजे एक वर्ष लांबलेले लग्न, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

पण हा धागा किती कच्चा आहे तेही पाहा. २०१६ मध्ये केंद्र सरकारने कंपॅशनला परवानगीशिवाय पैसे पाठवायला बंदी केली आणि मार्च २०१७ मध्ये संस्थेने भारतातले काम बंद केले. दीड लाखाच्या आसपास मुलांचा आधार गेला. भांडण दिल्ली आणि अमेरिका यांचे, शाळा सुटली ती वस्तीतल्या पोरीची.

आता भेटीचा दिवस घ्या. पाहुणे येणार म्हणून आई अंगण सारवते, उसनवारी करून चहा-साखर आणते, त्या दिवसाची मजुरी बुडवते. मुलगी नवा फ्रॉक घालून उभी राहते. बाप पुढच्या खुर्चीवर, आई दाराच्या आड. प्रश्न विचारले जातात ते मुलीला, दुभाष्यामार्फत: मोठी होऊन काय होणार? आईला कुणी विचारत नाही की ऊसतोडीला जाताना पोरगी कुणाकडे ठेवतेस, रेशन मिळते का, नवरा पितो का. भेटीत प्रेम खोटे असते असे नाही. पाहुणीच्या डोळ्यांतले पाणी खरे असते. पण ज्या घरात पैसा येतो त्या घराला 'नाही' म्हणता येत नाही, आणि जिथे नकाराला जागा नाही तिथे होकारालाही किंमत नसते. हे मिशनच्या पाहुण्यांना लागू आहे तसेच कंपनीच्या साहेबांना, देवस्थानच्या विश्वस्तांना आणि आपल्या स्वतःच्या संस्थांच्या देणगीदारांनाही लागू आहे.

म्हणून प्रत्येक गावातल्या महिला मंडळाने पुढील गोष्टींचा आग्रह धरावा.

पहिली: फोटो आणि भेट यांसाठी आईची आणि मुलीची परवानगी आधी, मराठीत समजावून घ्यावी. नकार दिला तर फी बंद होणार नाही हे लेखी हवे. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करायला मनाई करते, हे संस्थेला सांगावे.

दुसरी: कोणताही पाहुणा, देशी असो वा विदेशी, मुलीला एकट्याने भेटणार नाही. तिचा पत्ता त्याला दिला जाणार नाही.

तिसरी: प्रार्थनेला बसणे ही मदतीची अट नसावी, आणि मनापासून बसणाऱ्या बाईला कुणी दमदाटीही करू नये. श्रद्धा तिची आहे.

चौथी: पाहुण्यांनी घराघरांत न हिंडता बायकांच्या बैठकीत यावे, जमिनीवर बसावे, आणि आपणही त्यांना प्रश्न विचारावेत. तुमच्याकडे एकट्या आईला सरकार काय देते? तुमच्याकडे मुलींना रात्री रस्त्यावर भीती वाटते का?

पाचवी आणि सगळ्यांत महत्त्वाची: दान येवो न येवो, हक्क सोडायचा नाही. एकल पालकांच्या मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची विधवा, नवऱ्याने टाकलेली बाई, हिचा अर्ज भरून देणे, दाखले मिळवणे, महिला व बालविकास कार्यालयात पाठपुरावा करणे, हे काम आपले आहे. तिथे फोटो लागतो तो ओळखीपुरता, कुणाला पाझर फुटावा म्हणून नाही.

परोपकार करणाऱ्याशी आपले वैर नाही. मदत घेतानाही मान ताठ ठेवता येते, हे रमाबाईंनी दाखवून दिले आहे. त्या एकट्या होत्या, आपण संघटित आहोत. पुढच्या वेळी वस्तीवर गाडी येईल तेव्हा दाराआडच्या आईला पुढच्या खुर्चीवर बसवा. बोलणी तिच्यापासून सुरू होऊ द्या.