सहवैमानिकाची जागा

मुंबई-पुण्याहून बंगळूरला जाणाऱ्या प्रवाशांना यशवंतपूरचे स्थानक परिचयाचे असते. तेथे उतरून ईशान्येस काही मैल गेले, की जक्कूर लागते. म्हैसूरच्या महाराजांच्या आश्रयाने याच ठिकाणी लहान विमानांसाठी धावपट्टी तयार झाली आणि विमानविद्येचे सरकारी विद्यालय निघाले. 1949 साली त्या विद्यालयातून उत्तीर्ण होऊन प्रथम बाहेर पडल्या त्या उषा सुंदरम्.

उषाबाईंचा जन्म 1924 चा. 1941 मध्ये त्यांचा विवाह कॅप्टन व्ही. सुंदरम् या वैमानिकाशी झाला. ते दिवस महायुद्धाचे होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साह्याने 1940 च्या डिसेंबरात बंगळूरला विमानांचा कारखाना काढला होता आणि पुढे तेथे अमेरिकन विमानांची दुरुस्ती चाले. युद्धाने नागरी शिक्षण मात्र बंद पाडले. 1936 सालीच परवाना मिळविलेल्या सरला ठकराल यांचे व्यावसायिक वैमानिक होणे त्यामुळेच राहून गेले. नियतीचा खेळ असा, की युद्ध संपल्यावर शिल्लक उरलेल्या डकोटा विमानांनीच नागरी उड्डाणांचे नवे दिवस आणले, आणि उषाबाईंना संधी मिळाली ती या दिवसांत.

महाराजांच्या डकोटाचे सारथ्य सुंदरम् यांच्याकडे आले आणि सहवैमानिकाच्या जागी उषाबाई बसू लागल्या. हे काम शोभेचे नव्हे. विमान जमीन सोडताच चाके आत घ्यावयाची, तेलाच्या दाबाचे काटे पाहावयाचे, संदेशयंत्र सांभाळावयाचे, आणि प्रसंग पडल्यास सुकाणू आपल्या हाती घ्यावयाचे. संस्थानांच्या विलीनीकरणासाठी हिंडणाऱ्या सरदार पटेलांचा, तसाच पंडित नेहरूंचा प्रवास या जोडप्याच्या विमानातून होई. फाळणीच्या वणव्यात सीमेपलीकडे अडकलेल्या निर्वासितांना आणण्याच्या फेऱ्यांतही उषाबाई होत्या. विद्यालयाचे प्रमाणपत्र त्यांच्या हाती पडले ते या साऱ्यानंतर! कसोटी आधी आणि परीक्षा मागाहून, असा हा उलटा क्रम.

स्वतंत्र भारतातील पहिली स्त्री-वैमानिक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. प्रेम माथुर यांच्यासारखी इतर नावेही त्या काळाच्या इतिहासात आहेत, व ‘पहिली कोण’ हा वाद रंगविता येईल. परंतु त्या फेऱ्यांतून सुखरूप परतलेल्या निर्वासितांना त्या वादाचे काय?

1951 साली मद्रास सरकारसाठी घेतलेले ‘डव्ह’ विमान आणण्यास हे दोघे विलायतेस गेले. दोन इंजिनांचे हे छोटे विमान. त्याच्या कक्षात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. त्यामुळे फार उंचावरून जाता येत नसे, आणि वाटेत इंधनासाठी उतरणे अटळ होते. असे असूनही त्यांनी लंडन ते मुंबई हे अंतर 27 तासांत तोडले. दट्ट्याच्या इंजिनाच्या विमानाने केलेला तो विक्रम ठरला.

त्यानंतर थोड्याच काळात उषाबाईंनी उड्डाण सोडले. वय जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस. पण संसार होता, मुले होती. पुरुष-वैमानिकाला त्या वयात असा हिशेब क्वचितच मांडावा लागतो. 1959 साली मद्रासच्या पुरात बुडू पाहणारी कुत्र्याची पिले पाहून सुंदरम् यांनी ती वाचविली. त्यातून ‘ब्लू क्रॉस’ ही प्राणिरक्षक संस्था उभी राहिली, व उषाबाईंनी पती आणि मुलांसह तिचे काम अंगावर घेतले. 2010 साली त्या निवर्तल्या, तेव्हा मद्रासचे चेन्नई झाले होते आणि रस्त्यावर जखमी होऊन पडलेल्या जनावरांना त्यांच्या संस्थेच्या गाड्या उचलून नेत होत्या.