दहावीच्या थोडं पुढचं गणित



मुलाला गणित आवडतं म्हटलं की आपल्या घरात पहिला प्रश्न येतो, क्लास कुठला लावायचा? म्हणजे पुढच्या वर्षाचं पुस्तक आधीच उरकायचं.

इंग्लंडमध्ये अशा मुलांसाठी आणखी एक वाट आहे. तिथे सोळाव्या वर्षाच्या सुमारास जीसीएसई देतात. तिच्या जोडीला एक्यूए हे परीक्षा मंडळ ‘लेव्हल टू सर्टिफिकेट इन फर्दर मॅथेमॅटिक्स’ घेतं. जीसीएसईत ७, ८, ९ या वरच्या श्रेणी मिळवू शकणाऱ्यांसाठी ते आहे, सक्तीचं नाही. दोन पेपर, प्रत्येकी ८० गुण, पावणेदोन तास. पहिल्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही. अभ्यासक्रमात बीजगणितातल्या सिद्धता, विकलनाची सुरुवात आणि मॅट्रिक्स.

मॅट्रिक्सचंच बघा. (१, ०) हा बिंदू घ्या. तो ९० अंश डावीकडे फिरवला की (०, १) येतो. मग क्ष-अक्षात त्याचं प्रतिबिंब घेतलं की (०, −१). आता क्रम उलटा करा. आधी प्रतिबिंब, बिंदू जागेवरच. मग फिरवा, (०, १). उत्तर बदललं! म्हणून मॅट्रिक्सच्या गुणाकारात क्रम महत्त्वाचा. मोबाइलवर फोटो फिरवण्यामागे हेच गणित आहे.

आपल्या राज्य मंडळाच्या दहावीत क्रेमरची पद्धत आहे, त्यात निश्चयक येतो. म्हणजे दार अर्धं उघडलेलंच असतं. पण पुढे काय आहे हे कुणी दाखवत नाही. दहावीनंतर मुलीला शिकवायचं की नाही, हे ज्या घरात अजून ठरायचंय, तिथे तर ती अकरावीपर्यंत पोचेलच असं नाही. तिला गणित जमतं, हे तिला आणि घरच्यांना त्याआधीच कळायला हवं.

अल-ख्वारिझमीच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ शब्द आला, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगू या. पण त्या अभिमानाने एकही समीकरण सुटत नाही.

इंग्लंडचं प्रमाणपत्र आपल्याला नको, कल्पना घेऊ. एक्यूएचा अभ्यासक्रम त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर ऑलिम्पियाडचे जुने पेपर आहेत. तुमच्यातले जे इंजिनिअरिंगला किंवा बीएस्सीला आहेत, त्यांनी रविवारी एक तास मोहल्ल्यातल्या चार मुलामुलींना द्यावा. एकच प्रश्न घ्या, उत्तर सांगायची घाई करू नका. आणि त्या चारांत दोन मुली असतील, एवढं नक्की बघा.