गाळलेला महाल

नाटकाच्या तालमीत बसविलेला एखादा प्रवेश पहिल्या प्रयोगाआधीच गाळला जातो आणि प्रेक्षकाला त्याचा पत्ताही लागत नाही. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र कधी कधी तालीमच हाती लागते.

'सॉनिक द हेजहॉग २' हा सेगा कंपनीचा खेळ कॅलिफोर्नियात जपानी व अमेरिकी रचनाकारांनी मिळून घडविला. नोव्हेंबर १९९२ मध्ये तो विक्रीस आला. सारा खेळ १ मेगाबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवायचा आणि दिवसही मोजके. त्या ओढाताणीत 'हिडन पॅलेस' हा गुप्त महालाचा अख्खा टप्पाच वगळला गेला. नियतकालिकांतून त्याची चित्रे आधीच झळकली होती. तेव्हा विकतच्या खेळात मुले तो धुंडाळीत राहिली, हे ओघानेच आले. ध्वनिचाचणीच्या यादीत, खेळात कोठेही न वाजणारी एक चाल तेवढी राहून गेली होती.

१९९९ मध्ये या खेळाची एक अपुरी, घडणीच्या काळातील प्रत इंटरनेटवर सापडली. तीत तो महाल होता: गुहेसारखी जागा, एक प्रचंड रत्न, डायनोसॉरच्या रूपातील यंत्रशत्रू. परंतु टप्पा शेवटास नेता येत नाही. 'वुड झोन' हा दुसरा वगळलेला टप्पा तर जेमतेम आरंभलेला.

अभ्यासकाला ही अपुरी प्रतच अधिक मोलाची. रचनाकारांचे हात कोठे थांबले, ते तीतच दिसते. २०१३ च्या मोबाइल आवृत्तीत महाल पुरा झाला खरा, पण तो नव्या हातांनी. 'मिस्टिक केव्ह'मधील ज्या खड्ड्यात पडल्यावर पूर्वी सुटका नसे, त्यातूनच महालात उतरण्याची वाट त्यांनी ठेवली.