"बी.पी. जरासं वर आहे"

(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



मी डॉक्टर नाही. माझी नोकरी बँकेत झाली, काही वर्षे शिरूरला, काही दौंडला. तरी या विषयावर उभा आहे, कारण संध्याकाळी बाकावर बसलो की एक वाक्य हमखास कानावर येते : "बी.पी. नॉर्मलच आहे हो, जरासं वर आहे."

हे "जरासं" म्हणजे वरचा आकडा १३० ते १३९, खालचा ८५ ते ८९. बँकेत ९० दिवसांपेक्षा जास्त हप्ता थकला की खाते एनपीए होते. पण चांगला मॅनेजर तोवर वाट बघत नाही. आधीच कर्जदाराकडे जाऊन धंदा कुठे बिघडलाय ते पाहतो.

इथे धंदा बिघडतो तो बऱ्याचदा पोटाशी. आपण सगळा दोष मिठाला देतो. तो आहेच. पण पोट सुटले की शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडते. रिपोर्टात साखर चांगली दिसते, आणि आत हे जादा इन्शुलिन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावते. पोटातली चरबीसुद्धा दाब वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडते. थायरॉइड मंदावला तर खालचा आकडा चढतो. पाळी गेल्यावर भगिनींचे बी.पी. वाढू लागते, ते "दगदगीमुळे" म्हणून सोडून देऊ नये.

"आम्ही कुठे जाड आहोत?" याचे उत्तर आपल्याच तालुक्यात आहे. पाबळ व आसपासच्या गावांत पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळे सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, इंग्लंडमधली साडेतीनची. हातपाय काडीसारखे, पण चरबी त्या मानाने टिकून! पुढे २००४ मध्ये याज्ञिकांनी स्वतःची एका इंग्रज डॉक्टरशी तुलना छापली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; चरबी मात्र इंग्रजाची ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांची २१.२. तेव्हा वजनकाट्यावर फार विसंबू नका. टेप घ्या. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

पहिल्या रांगेतल्या आपल्या एका सभासदांच्या परवानगीने सांगतो. त्यांचा आकडा कित्येक वर्षे १३६-१३८ च होता. गेल्या दिवाळीनंतर उजवी बाजू गेली. त्याच आकड्यामुळे गेली असे डॉक्टरही ठाम म्हणत नाहीत, पण त्यांची कंबर, साखर, थायरॉइड तोवर कुणी तपासलेच नव्हते. रांजणगावला रात्रपाळी करणारी आपली मुले पंचविशी-तिशीत आहेत, त्यांचेही कोण तपासतंय?

मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, त्यात पापड, लोणचे, फरसाण सगळे आले. चालू गोळ्या मात्र कुणी आपल्या मनाने बंद करू नयेत.

येत्या रविवारपासून सकाळी आठ ते नऊ मी सोसायटीच्या ऑफिसात बी.पी.चे मशीन आणि टेप घेऊन बसेन. चहा घेण्याआधी या, आणि आल्यावर पाच मिनिटे गप्प बसायची तयारी ठेवा.