शिफारसपत्र कोणाचे घ्यावे?



घरातला मुलगा किंवा मुलगी अमेरिकेतील विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करू लागली की पहिला प्रश्न निघतो, तो शिफारशीचा. मग ओळखीपाळखी धुंडाळल्या जातात. कोणी खासदारांचे नाव सुचवतो, कोणी साखर कारखान्याच्या अध्यक्षांचे. सही जितकी मोठी तितके पत्राला वजन, अशी यामागची समजूत. ती चुकीची आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

तेथील विद्यापीठे बहुधा तीन पत्रे मागतात. गुणपत्रिका त्यांच्यापुढे असतेच. तिच्यात जे दिसत नाही ते त्यांना हवे असते. प्रयोग फसला तर हा विद्यार्थी काय करतो? स्वतः प्रश्न शोधतो, की सांगितले तेवढेच करतो? हे खासदारांना कोठून ठाऊक असणार?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. पुढे १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेताना त्यांच्यासाठी शिफारस केली ती कोलंबियातील त्यांचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी. पैसा राजाने दिला. अभ्यासाची साक्ष गुरूने दिली.

तेव्हा ज्यांच्या हाताखाली प्रकल्प केला, त्या अध्यापकांना पहिला मान द्यावा; मग ते कालपरवा रुजू झालेले का असेनात. त्यांना दीड-दोन महिने आधी भेटावे, कारण पुष्कळ मुदती डिसेंबरात संपतात. "सर, माझ्याविषयी मनापासून चांगले लिहिता येईल का?" असे सरळ विचारावे. ते अडखळले, तर आभार मानून दुसऱ्यांकडे जावे. कोमट पत्रापेक्षा नकार बरा.

आता एक नाजूक गोष्ट. "तूच लिहून आण, मी सही करतो," असे म्हणण्याची रूढी आपल्या महाविद्यालयांत आहे. अशाने तिन्ही पत्रांना एकाच हाताचा वास येतो आणि साक्षच खोटी ठरते. विद्यार्थ्याने मसुदा देऊ नये. आपण केलेल्या कामाचे टिपण द्यावे.

या सभेत अध्यापकही बसले आहेत. त्यांना माझी विनंती आहे, की अशा पत्रासाठी एक तास काढा. तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलीला ओळखीचे कोणी नसते. तिचे काम ज्यांनी पाहिले आहे असे तुम्हीच तेवढे असता.