आधी शिकाऊ परवाना, मग ट्रॅक्टरची किल्ली
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मी शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस. आजवर तुमच्यापुढे बोंडअळीवर बोललो. आज परवान्यावर बोलतो. अळी एक हंगाम खाते. विनापरवाना ट्रॅक्टर जमीनच खाऊ शकतो.

कापसाची ट्रॉली जिनिंगला निघते. स्टिअरिंगवर पोरगा, खिशात परवाना नाही. रस्त्यात कुणी दगावलं, तर कोर्ट विमा कंपनीला भरपाई द्यायला लावतं आणि तीच रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभाही देतं. मालक कोण? आपणच! एकरी दोन-चार क्विंटल पिकवणारा ती कुठून भरणार?

2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना चालवणाऱ्याला 5,000 रुपये दंड आहे. पोरगा अठराच्या आतला असेल, तर पालकाला किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद.

आणि परवाना काढणं किती अवघड? वय 18 पूर्ण हवं. खासगी वाहनाला शिक्षणाची अट नाही. एका प्रकारच्या वाहनाला सरकारी फी सुमारे 200 रुपये. आधार असेल तर अर्ज आणि चिन्हा-नियमांची परीक्षा घरबसल्या ऑनलाइन होते. दलाल कशाला?

शिकाऊ परवाना 6 महिने चालतो. 30 दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. तोवर पुढे-मागे लाल ‘एल’ची पाटी आणि सोबत पक्का परवानाधारक हवाच.

पेरणीआधी आपण बियाणं तपासतो. वेचणीआधी घरातले परवाने तपासा. सरकारशी भांडायचं आहेच. पण आपल्या चुकीनं सातबारा घालवून नव्हे.