काठी नाचवणाऱ्याचं रक्त

जोतिबाची चैत्र यात्रा मी लहानपणापासून पाहतो आहे. पुढं डॉक्टर झालो आणि काही वर्षं यात्रेत प्रथमोपचाराला बसलो. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर त्या दिवशी ऊन मी म्हणत असतं. तीस-चाळीस फुटी सासनकाठी एक गडी पेलून नाचवत असतो, बाकीचे दोर ताणून तिचा तोल धरतात, सगळे गुलालात न्हालेले.

स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फेकतं. त्यातलं पावभर आतडी-यकृताकडं, जवळजवळ तेवढंच मूत्रपिंडांकडं आणि पाऊण लिटर मेंदूला. काठी नाचू लागली की हाच आकडा पंधरा लिटरवर, कसलेल्या तरुणाचा वीसवरही जातो. पण वाटणी सारखी होत नाही. रानात दारं धरणारा गडी एक वाफा बुजवून दुसरा मोडतो, तसंच हे. बारीक रोहिण्यांच्या भिंतीत स्नायूंची कडी असतात. मज्जातंतू आतड्यांकडची कडी आवळतात. राबणारा स्नायू मात्र आपलं दार आपणच उघडतो. कामातून तयार होणारी कार्बन डायऑक्साइडसारखी द्रव्यं तिथली कडी सैल करतात. रोहिणीचं अस्तरही नायट्रिक ऑक्साइड सोडून ती सैलावतं. या शोधाला 1998 चं नोबेल मिळालं. मेंदू आपला वाटा सहसा कमी होऊ देत नाही.

मग काठी उतरवल्यावर गडी घेरी येऊन का पडतो? चालत्या पायाच्या पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात. पाय थांबले की तो पंप बंद. त्यात उन्हानं कातडीच्या वाहिन्या सताड उघडलेल्या. रक्त खाली साचतं, दाब पडतो, मेंदूचीही मात्रा चालत नाही. लोक मायेनं काखेत हात घालून त्याला उभा धरतात. अहो, तो पडतो ते बरंच! आडवा करा, पाय उंच धरा. मिनिटभरात शुद्ध आली नाही तर थेट दवाखाना गाठा.

हृदयाचं दुखणं निराळं. रक्तातला सुमारे सत्तर टक्के ऑक्सिजन ते बसल्या जागीच काढून घेतं. म्हणून काम वाढलं की जादा रक्तच लागतं, आणि रोहिणी अरुंद असेल तर ते येत नाही.

माझे वडील पुरणपोळी जेवून डोंगर चढायचे. भरल्या पोटी आतडीही रक्त मागतात, वर चढण आणि ऊन. छातीत आवळल्यासारखं व्हायचं, थांबले की बरं वाटायचं, निघाले की पुन्हा तेच. ते म्हणायचे, “पित्त झालंय रे.” चाललं की दुखतं, थांबलं की राहतं, एवढ्यावरून मी ओळखायला हवं होतं. दोन यात्रा मीही पित्ताचीच गोळी दिली. तिसऱ्या वर्षी अँजिओग्राफी केली, तेव्हा मुख्य रोहिणी बरीच बंद निघाली.

स्टेंट बसला. आता ते एस.टी.नं वर जातात आणि दर्शन झाल्यावरच जेवतात. पित्ताच्या गोळीवरून मला अजून बोलतात.